जिनपाती बंद होणार

या जगात जे जे काही चालू आहे ते लवकरच बंद पडणार आहे, ही बातमी आमच्या दिग्रसच्या घरमालकांइतक्या आनंदानं देणारा दुसरा माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात झाला नसेल. अंगाचा साबण, पुसदला जाणारी दुपारची एस.टी., कापसाचं एखादं वाण, निळ्या शाईची दौत, कशाचंही नाव काढा; ते आवाज खाली आणून सांगायचे, "घेऊन ठेव. बंद होऊन राह्यलं." पण ही किरकोळ भाकितं झाली. त्यांच्या भविष्यज्ञानाचा खरा विषय एकच होता, चाकू. कोणत्या कंपनीचा कोणता चाकू उठणार, कोणतं पोलाद यापुढे मिळणार नाही, कोणती मूठ यंदाची शेवटची, याचा विचार ते झोपेतही करत असावेत. कारण सकाळी दात घासता घासता त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य यायचं ते असं, "मोरछापचा लहान चाकू काही दिवाळी पाहत नाई."

मी त्यांच्या मागच्या खोलीत तीन वर्षं राहिलो. आमचं खेडं दिग्रसपासून बसनं तासाभरावर. माझ्याआधी घरात कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं, त्यामुळे कॉलेजात नाव घालायचं म्हणजे नेमकं काय करायचं हेही आम्हाला ठाऊक नव्हतं. वडील मला घेऊन आले आणि कोणाच्या तरी ओळखीनं या गृहस्थांच्या ओट्यासमोर उभे राहिले. त्याआधी दोन ठिकाणी आडनाव विचारून झाल्यावर खोली "आत्ताच गेली" होती. यांनी आडनाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. विचारलं एवढंच, "पोरगं इंग्रजीत पत्र लिहून देईन का?" वडिलांनी जोरात मान हलवली. मला इंग्रजी पत्र लिहिता येत नव्हतं, पण वडिलांची मान खोटी पडू नये म्हणून मी पुढचे आठ दिवस व्याकरणाचं पुस्तक उशाला घेऊन झोपलो. मी आज जे काही इंग्रजी जाणतो त्याचा पाया चाकूच्या कंपन्यांना लिहिलेल्या पत्रांनी घातला आहे.

पहिलं पत्र मोरछापवाल्यांना गेलं. लहान चाकू बंद करण्याचा आपला विचार आहे काय, असल्यास कोणत्या महिन्यापासून, असा नम्र प्रश्न होता. तीन आठवड्यांनी उत्तर आलं की सदर चाकूचं उत्पादन नियमित चालू असून ते बंद करण्याचा कोणताही विचार नाही. मी ते वाचून मराठीत सांगितलं. काकांनी (घरमालकांना मी काकाच म्हणायचो) कागद उजेडाकडे धरला, उलटा करून पाहिला आणि म्हणाले, "कोणताही विचार नाई म्हणते. पाहाय, ज्याच्या मनात खोट नसते तो एवढं ठासून कायले सांगन?" त्याच दुपारी बाजारात जाऊन त्यांनी अकरा चाकू आणले. तो चाकू आजही कुठल्याही दुकानात मिळतो.

ते एका जिनिंगमध्ये फिटर होते. जिनात कापूस चामड्याच्या रुळावर ओढला जातो. रुळाला अगदी टेकून एक लांब पोलादी पातं बसवलेलं असतं. रुई त्या फटीतून निघून जाते, सरकी अलीकडेच राहते. हे पातं बसवणं हे काकांचं काम. किती फट ठेवायची, असं विचारल्यावर ते म्हणायचे, "कागद गेला पाह्यजे, त्याच्यावरचं अक्षर नाई." पण ती वर्षं कापसाची नव्हती. भाव पडलेले, वावरातला कापूस कमी होऊन सोयाबीन वाढलेलं. जिनाचा भोंगा दिवाळीनंतर कधीतरी सुरू व्हायचा आणि होळीच्या आत थांबायचा. काही जिना तर भंगारवाल्यांनी उचलून नेल्या होत्या. उरलेले सात-आठ महिने काकांचे हात मोकळे असत आणि मोकळे हात चाकूकडे वळत.

त्यांच्या पलंगाखाली एक पत्र्याची पेटी होती. तीत जुन्या धोतराच्या तेलात भिजवलेल्या चिंध्यांत गुंडाळलेले ऐंशीवर चाकू होते. त्यांतल्या एकानंही जन्मात काही कापलेलं नव्हतं. वापरला की चाकू बाटला, असं त्यांचं मत. काकू भाजी विळीवर चिरायच्या, आणि ती विळी इतकी जुनी होती की भेंडी चिरण्यापेक्षा चेंगरायची जास्त. एकदा पाहुण्यांनी टरबूज आणलं तर काका शेजारी चाकू मागायला गेले. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. काकू पाहुण्यांना म्हणाल्या, "लोकायच्या घरी सोनं कुलपात असते, आमच्या घरी चाकू. सोनं असतं त सणाले गळ्यात तरी घातलं असतं."

अशा वेडाला साथ लागते, आणि ती त्यांना मिळाली होती. बाजाराच्या दिवशी हार्डवेअरच्या दुकानासमोरच्या हॉटेलात तीन माणसांची बैठक भरे. एक आमचे काका, दुसरे एक रिटायर पोस्टमन आणि तिसरे मेडिकलवाले, ज्यांनी दुकानात औषधांच्या मागे चाकूंचा एक गुप्त कप्पा केला होता. हे तिघं कपातला चहा निवेपर्यंत पोलादावर बोलत. ट्रकच्या कमानपाट्याचं पोलाद चांगलं की बेअरिंगचं, की जुन्या कानशीचं, यावर मी त्यांना हमरीतुमरीवर आलेलं पाहिलंय. त्याहून मोठी विद्या म्हणजे लक्षणं ओळखणं. मुठीला तीनच्या जागी दोन खिळे आले की मॉडेल चाललं. खोक्याचा पुठ्ठा पातळ झाला की मॉडेल चाललं. दुकानदारानं माल वरच्या फळीवरून खालच्या फळीवर आणला की संपलंच.

"खोक्यावरच्या मोराचं तोंड पह्यले डावीकडं होतं," पोस्टमन एकदा गंभीरपणे म्हणाले. "आता उजवीकडं हाय."

"मंग?" मेडिकलवाले.

"मंग काय. चालला तो."

तिघांनीही दुसऱ्या दिवशी पाच-पाच चाकू घेतले.

या तिघांची सगळी भाकितं खोटी ठरायची आणि त्यामुळे त्यांचा उत्साह वाढतच जायचा. पण एका चाकूबद्दल बोलताना मात्र काकांचा आवाज बदलायचा. त्याचं नाव जिनपाती. पुसद रोडवर सुदाम मिस्त्री म्हणून एक लोहार होते. जिनात झिजून निकामी झालेली पाती काका वर्षानुवर्षं त्यांना नेऊन देत, आणि मिस्त्री त्यांतून वीतभर चाकू घडवत. बाभळीची मूठ, तीन पितळी खिळे आणि पात्याच्या बुडाशी छिन्नीनं मारलेली चंद्रकोर. काका सांगायचे, "कमानपाट्याचा चाकू रागीट असते, दात पाडून घेते. बेअरिंगचा घमंडी असते, धार लावू देत नाई. जिनपाती समजदार हाय." घडवणारे हात मिस्त्रीचे, पण पोलाद काकांनी पारखून दिलेलं. कंपनीच्या कोणत्याही चाकूपेक्षा तो सरस होता, हे मी मायेपोटी म्हणत नाही.

मी दुसऱ्या वर्षाला असताना एक जुनी जिन भंगारात गेली आणि काकांनी बैठकीत जाहीर केलं, "राजेहो, जुन्या जिना चालल्या. पोलाद संपते आता. जिनपाती बंद होणार." त्यानंतर जे झालं त्याला धाडच म्हणावं लागेल. मिस्त्रींनी आठवडाभर घडवलेले चाकू बाजाराच्या सकाळी पोत्यावर मांडायचे आणि नऊच्या आत हे तिघं ते उचलायचे; मिस्त्रींना सांगायचे, पाहुण्यारावळ्यांना वाटायला नेतो. यांचं पाहून आणखी चार-दोन शौकीन लागले. खुरपणाला, घरकामाला चाकू घ्यायला खेड्यांतून आलेल्या बायांना रिकामं पोतं दिसायचं. वर्षभरात काकांच्या पेटीत एकतीस जिनपात्या जमल्या, पोस्टमनांकडे चौदा. मेडिकलवाले आकडा सांगत नसत.

माझ्या शेवटच्या परीक्षेनंतरच्या एका बाजारी मी काकांबरोबर मिस्त्रीकडे गेलो, तर भट्टी थंड. मिस्त्री एका कुऱ्हाडीला दांडा बसवत होते. पोत्यावर एकही चाकू नव्हता.

"चाकू नाई काढले?" काकांनी विचारलं.

"बंद केले," मिस्त्री मान वर न करता म्हणाले. "पोळा झाला का यवतमाळले चाललो. साळ्याचं ग्रिलचं दुकान हाय, तिथं वेल्डिंग करीन."

काकांच्या चेहऱ्यावर क्षणभर जे उमटलं ते मी लपवणार नाही. तो आनंद होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं भाकीत खरं ठरलं होतं. "पोलाद संपलं ना? म्या सांगितलंच होतं," ते म्हणाले.

मिस्त्रींनी उठून कोपऱ्यातली ताडपत्री ओढली. खाली जिनाच्या पात्यांचा कमरेएवढा ढीग होता. भंगारवाल्याकडूनच त्यांनी तो उचलला होता. "हे पाहा पोलाद. दहा वर्सं पुरन."

"मंग काहून बंद केलं?"

"चाकू वापस येत नाई, भाऊ."

आणि मग त्यांनी सांगितलं. स्वतः घडवलेल्या चाकूला जन्मभर फुकट धार लावून द्यायची, ही त्यांच्या बापाच्या वेळची रीत. त्यामुळे आपला चाकू कसा चालला हे लोहाराला कोणाला विचारावं लागत नाही. तो धारेला येतो तेव्हा पात्यावरच लिहिलेलं असतं. "लेकीसारखं असते ते. सासरी नांदत असन त सणावाराले माहेरी येते. आता दोन वर्सं होऊन राह्यले, नेतात पोतंभर आन् माहेरी येत नाई एक बी. म्हणजे काय समजावं म्या? लोक दोन दिवस वापरत असन आन् फेकून देत असन. पोलादाले पाणी देणारा माहा हातच बिघडला. बिघडल्या हातानं कायले घडवू?"

काका तो ढीग पुन्हा ताडपत्रीनं झाकायला लागले. खरं सांगायचं तर, तुमचे चाकू आम्ही तेलात घालून पलंगाखाली ठेवलेत, हे त्या माणसाच्या तोंडावर बोलण्याची हिंमत माझीही झाली नाही. घरी आल्यावर काकांनी पेटी उघडून एकतीस जिनपात्या पलंगावर ओळीनं मांडल्या. काकूंना मी सगळी हकिकत सांगितली. त्यांनी ती ओळ पाहिली, नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "म्हणजे लेकी कोंडून ठेवणारी सासू तुमीच निंगाले."

त्या क्षणापासून आमचे घरमालक स्वतःचंच भाकीत खोटं पाडायच्या मागे लागले. पोळ्याला दोन महिने होते. तेवढ्यात बोथट झालेल्या जिनपात्या मिस्त्रीच्या दारात गेल्या पाहिजेत. मी सुचवलं, दगडावर घासू. काका माझ्यावर चिडले. दगडावर मारलेली धार आणि कामानं गेलेली धार मिस्त्री अंधारातही ओळखेल, म्हणाले. मग घरातली विळी माळ्यावर गेली आणि काकूंच्या हाती लग्नानंतर पहिल्यांदा नवऱ्याचा चाकू आला. आठ दिवस त्या घरात जे कापता येईल ते कापलं गेलं. भेंडी, दोडके, सुतळी, जुनी रजई, दारातल्या कडुनिंबाच्या फांद्या. काका स्वतः ओट्यावर बसून तासन् तास दातकाड्या तासत. पण जिनपाती ती जिनपाती. नवव्या दिवशीही तिच्या धारेवर हातावरचे केस उडत होते. काकांना अभिमानानं रडू यायचं बाकी होतं. "दोघा माणसायच्या संसारात हे पोलाद दमत नाई," ते म्हणाले. "हिले गाव पाह्यजे."

त्याच आठवड्यात माझा निकाल लागला. मी बी.ए. झालो. आमच्या वस्तीत बी.ए. झालेला मी पहिला, म्हणून वस्तीनं विहारासमोर मांडव टाकून सगळ्यांचं जेवण ठेवलं. वरण-भात, पुऱ्या, आलू-वांग्याची भाजी, लाल कोहळ्याची भाजी. मी आमंत्रण द्यायला दिग्रसला गेलो तर काकांनी पहिला प्रश्न विचारला, "कोहळे किती?"

ते पेटी घेऊन एस.टी.नं आले, सोबत काकू आणि पोस्टमन. स्वतःच्या एकतीस, पोस्टमनांच्या चौदा, आणि मेडिकलवाल्यांकडून मिनतवारीनं मिळवलेल्या दोन. प्रत्येक मुठीला दोऱ्यानं नंबर बांधला होता, म्हणजे संध्याकाळी मोजून परत घेता येतील. कंडक्टरनं पेटीत काय आहे विचारलं.

"चाकू."

"किती?"

"सत्तेचाळीस."

कंडक्टरनं तिकिटं फाडली आणि म्हणाला, "काका, तुमी पुढच्या सीटवर बसा. आरामात बसा."

मांडवात बायांनी आधी ते चाकू संशयानं पाहिले. मग माझ्या आईनं एक उचलून कोहळ्यावर ठेवला, आणि कोहळं कुरकुर न करता दोन झालं. "काय वो माय, हे त लोणी कापल्यावानी जाते," ती म्हणाली. घटकाभरात सत्तेचाळीस हात चालू लागले. वांगी, कांदे, आलू, मांडवाच्या दोऱ्या, पोरांचे ऊस. काका ओळीओळीतून हात मागे बांधून फिरत होते, जसे परीक्षेत सुपरवायझर फिरतात. कोणी पातं पाटावर आपटलं की त्यांचा चेहरा वाकडा व्हायचा, पण ते पुढे चालायचे.

जेवणं उरकली. काकांनी यादी काढली. तेवढ्यात माझी आत्या हातातला चाकू पदराला पुसून कमरेला खोचताना दिसली.

"बाई, तो सतरा नंबर," काका म्हणाले.

"असन," आत्या म्हणाली. "हा मी नेतो वावरात. वर्षभरापासून बाजारात हुडकून राह्यली, भेटत नाई कुठी. कोणते मेले सगळे उचलून नेतात कोण जाणे."

पोस्टमन मांडवाच्या खांबाकडे पाहू लागले. काका यादी हातात धरून उभे होते. सतरा नंबरची जिनपाती त्यांची सगळ्यात लाडकी. तिच्या पात्यावर पोलादाला पाणी देताना उठलेली एक निळसर रेघ होती, तशी दुसऱ्या कुठल्याच चाकूवर नव्हती. मी त्यांना तीन वर्षं ओळखत होतो आणि तेव्हा मला मनापासून वाटलं की ते हात पुढे करतील. त्यांनी यादी चार घड्या करून खिशात घातली.

"ने बाई," ते म्हणाले. "पण धार गेली का पुसद रोडच्या सुदाम मिस्त्रीकडंच आणजो. दुसऱ्या कोणाकडं लावली त मी येऊन वापस नेईन."

मग बाकीच्या बायांनी कशाला मागे राहावं. पोस्टमन घाईनं म्हणाले, "अहो, त्याच्यात माहे चौदा हाय." काका म्हणाले, "तुमचे कधी होते? आपण त नुसते कोंडून ठेवले होते." पेटी जाताना इतकी हलकी होती की काकूंनी ती एका हातात धरली.

पुढच्या बाजारांना मी काकांबरोबर मुद्दाम गेलो. पहिल्या बाजारी मिस्त्रीकडे कोणी आलं नाही. दुसऱ्याला नाही. तिसऱ्यालाही नाही, चौथ्या-पाचव्यालाही नाही. पोळा पंधरा दिवसांवर आला. मिस्त्रींनी भाता उतरवून भिंतीला टेकवला होता आणि ऐरण घेणाऱ्या माणसाशी त्यांची बोलणी चालू होती. काका समोरच्या पानटपरीवर बसून दिवसभर रस्त्याकडे पाहत. त्यांना वाटलं, बाया विसरल्या. मला वाटलं, पोलादच जरा जास्त चांगलं निघालं.

सहाव्या बाजारी अकराच्या सुमाराला एस.टी.तून माझी आत्या उतरली. तिच्यामागे आमच्या वस्तीतल्या सहा-सात बाया. आत्यानं पदरातलं गाठोडं मिस्त्रीच्या पुढ्यात सोडलं. एकोणीस जिनपात्या होत्या. मुठी हाताच्या घामानं काळ्या पडलेल्या, पाती निंदणाच्या मातीनं डागाळलेली.

"तुमच्या चाकूची धार गेली, मिस्त्री," आत्या भांडायच्या सुरात म्हणाली.

मिस्त्रींनी एक उचलला. चंद्रकोरीवरून अंगठा फिरवला, धार नखावर टेकवली, पातं उन्हात धरून पाहिलं. "हा कितीक दिवस चालला?"

"महिना-दीड महिना. सकाळी घरी, दिवसभर वावरात. काल बाभळीची फांदी कापाले घेतली तवा अडला."

"मधात धार लावली नाई?"

"काऊन लावावं? कापत होता न."

मिस्त्री एकेक पातं उचलून पाहत राहिले, एकोणीसच्या एकोणीस. मग उठले, भिंतीला टेकवलेला भाता ओढत आणला आणि बसवायला लागले. ऐरण न्यायला आलेला माणूस रिकाम्या हातानं निघून गेला. टपरीवरून काका असे उठले, जसा पोळ्याला सजवलेला बैल तोरणाखालून निघतो. त्यांनी भर बाजारात प्रत्येक ओळखीच्याला थांबवून सांगितलं, "माहं भाकीत चुकलं. जिनपाती बंद होत नाई." ज्यांना जिनपाती म्हणजे काय हेही माहीत नव्हतं त्यांनाही त्यांनी चहा पाजला. पोळ्याच्या आदल्या बाजारी उरलेल्या अठ्ठावीस आल्या. मेडिकलवाल्यांचे आतापर्यंत लपवलेले बावीस चाकूही त्यांच्या बायकोनं भावकीत वाटून टाकले, आणि तेही पुढे यथावकाश धारेला आले. मिस्त्री यवतमाळला गेले नाहीत. पुढे काकांनी दारात जाऊन सगळं कबूल केलं तेव्हा ते इतके हसले की घण खाली ठेवावा लागला. त्यानंतर त्यांनी नियम केला, पहिला चाकू बोथट करून आणल्याशिवाय दुसरा मिळणार नाही. बिचारे पोस्टमन वयाच्या साठीत स्वयंपाक शिकले.

मी आता यवतमाळला मास्तर आहे. आमच्या वस्तीत बी.ए. झालेल्या पोरा-पोरींची संख्या आता मला पाठ नाही, याचा मला आनंद वाटतो. दिग्रसला गेलो की काका कुठे भेटतील हे विचारावं लागत नाही. त्यांची जिन कधीच थांबली. पलंगाखालच्या पेटीत काकूंनी तांदूळ भरले. बाजाराच्या दिवशी काका मिस्त्रीच्या भट्टीशेजारी पोत्यावर बसतात आणि धार लावून झालेला प्रत्येक चाकू मिस्त्री आधी त्यांच्या हातात देतात. ते डाव्या हातावर घासून पाहतात. त्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत एक केस उरलेला नाही. मागच्या खेपेला आत्याचा सतरा नंबर आला होता. वर्षानुवर्षांच्या धारेनं पातं झिजून करंगळीएवढं अरुंद झालं होतं, पण ती निळसर रेघ अजून होती. काकांनी तो तपासला, धार पाहिली, मग चष्मा काढून पुन्हा पाहिला. आत्या हात पुढे करून उभी होती. "घे बाई," ते म्हणाले, आणि त्यांची बोटं मुठीवरून सुटायला जरासा वेळ लागला.